आत्याबाईचा डावा डोळा

माझ्या उजव्या खांद्याजवळचं हाड जरा वर आलेलं आहे. कपडे शिवायला टाकले की शिंपीण माप घेता घेता विचारते, "आजी, हे काय?" मी सांगते, घोडीने पाडलं. मग ती चुकचुकते. मी तिला चुकचुकू देत नाही. घोडीची चूक नव्हती, हे मी चव्वेचाळीस वर्षं सांगत आले आहे. आता लिहूनच ठेवते, म्हणजे माझ्या मागे कुणी उलटं सांगायला नको.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं झाली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वाकवायच्या, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचून घ्यायची. मालक लोकांना सांगायचे, "आमच्या दुकानात दोनच वस्तूंची कधी तक्रार नसते. एक हा आरसा आणि दुसरी ही." मला ते कौतुक वाटायचं.

मी सगळ्याला 'बरं' म्हणायचे. नणंद म्हणायची, सुट्टीभर माझी तिन्ही मुलं तुझ्याकडे राहू देत. बरं. मालक म्हणायचे, रविवारी येशील का. बरं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भाऊ म्हणाले, तुझ्याकडेच ठेव, तुझ्याइतकं छान आमच्या बायकांना जमायचं नाही. बरं. तीन वर्षं आईचं केलं. ती गेली त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना चहाही मीच केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका साध्या मंगळवारी, एका माणसाच्या नाकावर फ्रेम बसवताना माझे हात खाली आले आणि वर जाईनात. मी स्टुलावर बसले. मालकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." आणि उठले नाही. शेवटी दुकान बंद करायच्या वेळेला माझे यजमान न्यायला आले.

आता लोक सरळ डिप्रेशन म्हणतात. तेव्हा खालच्या आवाजात 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणायचे आणि बोलताना मुलांना बाहेर पाठवायचे. माझी लेक आठ वर्षांची होती. तिला शेजारी पाठवलं आणि मला मनोरुग्णालयात.

तिथेही माझं छान चाललं होतं, म्हणजे इतरांच्या दृष्टीने. गोळी घ्या, बरं. झोपा, बरं. उठा, बरं. नर्सनी माझं नावच बरंबाई ठेवलं. मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा फेरी मारायचे, पलंगाच्या पायथ्याला अडकवलेला कागद बघायचे आणि लिहायचे, 'सहकार्य उत्तम. सुधारणा.' मी तासन्‌तास भिंतीकडे बघत असायचे. भिंत खांद्यापर्यंत हिरवी आणि वर पांढरी होती. हिरवा कुठे संपतो ती रेघ मला पाठ झाली होती.

रुग्णालयाच्या मागे एक जुना तबेला होता. पूर्वी पावाची आणि धुण्याची गाडी घोडे ओढायचे. पुढे मोटारी आल्या, आणि तीन घोडे नुसते उरले. एक नवी डॉक्टरीणबाई आली होती, माझ्याहून लहान, केस नेहमी विस्कटलेले. ती कुठूनतरी हे शिकून आली होती की ज्या माणसाचं बोलून काही निघत नाही, त्याला घोड्यांबरोबर ठेवून बघावं. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्यांनी होत नाही ते आता गवताने होणार का?" पण परवानगी दिली होती. मात्र काही अपघात झाला तर बंद, या अटीवर.

घोड्यावर बसायचं नव्हतंच. कुंपणाच्या गोलात त्याच्याबरोबर उभं राहायचं, खरारा करायचा, दोर धरून चालवायचं आणि तो काय करतो ते बघायचं. डॉक्टरीणबाई कुंपणाला टेकून प्रश्न विचारायची. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "माणसांना तुम्ही 'बरं' म्हणून गप्प करता. घोडा शब्दांवर जात नाही. तो तुमचा श्वास बघतो, खांदे बघतो."

मी म्हटलं, "बरं."

माझ्या वाट्याला आली ती राखाडी घोडी. कुणी आत आलं की ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, नाकपुड्या फुगवायची आणि तोंड फिरवायची. कार्याच्या घरी येऊन प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी एक आत्या असते ना, तशी. म्हणून आत्याबाई.

घोड्यांचं सगळं बघायचे ते मामा. चाळीस वर्षं तबेल्यात काढलेला माणूस, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. तबेल्याच्या दारात पाऊल टाकण्याआधीच त्यांचं सुरू व्हायचं, "आलो गं बाई आलो, काय तोंड करून उभी आहेस, सासरहून आल्यासारखी." त्यांनीच मला पहिला नियम शिकवला. तो फाटकावरच्या पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला होता, 'घोड्याजवळ नेहमी डावीकडूनच जावे', आणि खाली 'हुकमावरून, मुख्य डॉक्टर'. मामा म्हणाले, "हे काही डॉक्टरांचं नाही, जगभर असंच आहे. माझ्या बापाने मला डावीकडून शिकवलं, त्याला त्याच्या बापाने."

चौथ्या दिवशी मी खरारा करत होते. आत्याबाईने पाय उचलला आणि माझ्या बुटाच्या टोकावर ठेवला.

मामा म्हणाले, "बाई, तुमच्या बुटावर उभी आहे ती."

"हो."

"दुखत नाही?"

"दुखतंय."

"मग सांगा की तिला."

"राहू दे. तिला बरं वाटतंय."

मामा कुंपणाला धरून हसले. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने विचारलं, "आणखी कोण कोण उभं आहे तुमच्या पायावर?"

मी मनात मोजायला लागले. जेवणाची घंटा झाली तरी मोजणं संपेना.

त्या दिवसापासून मला एकच काम मिळालं. आत्याबाईला एक पाऊल मागे न्यायचं. ढकलायचं नाही, दोर ओढायचा नाही, नुसतं सांगायचं. मी तिच्यापुढे उभी राहून म्हणायचे, "जरा मागे होता का?" मामा बाहेरून म्हणायचे, "अर्ज करताय का घोडीकडे? दोन प्रतींत द्या." आत्याबाई माझ्यावर फुंकर मारायची आणि जागच्या जागी उभी राहायची. कधी उलट पुढेच यायची आणि मीच मागे जायचे. असे सहा आठवडे गेले.

पण त्या सहा आठवड्यांत मी तिच्याकडे बघत होते. बघणं हाच तर माझा धंदा होता. ज्याला एका डोळ्याने कमी दिसतं तो माणूस दुकानात आला की मला तो दारातच कळायचा. तो मान किंचित वळवून बोलतो, त्या बाजूच्या वस्तूंना धक्के देतो, आणि विचारलं तर चिडतो. आत्याबाई दारात कुणी आलं की मान डावीकडे वळवून उजवा डोळा पुढे आणायची. पाण्याची बादली डाव्या बाजूला ठेवली की हमखास लवंडायची. तिचा डावा कान सतत फिरत असायचा, जणू त्या बाजूचं सगळं काम त्याच्या एकट्यावर येऊन पडलं होतं.

मामांच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण मामा बोलत बोलतच जवळ यायचे. डॉक्टरीणबाईही बोलायची. तिथे न बोलणारी मी एकटीच होते.

मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला चष्मेवालीने काय शिकवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची मला सवय नव्हती.

एका सकाळी मामा गवताचा भारा आणायला गेले होते आणि डॉक्टरीणबाई फाटकाची कडी लावत होती. मी पाटीवर लिहिल्याप्रमाणे डावीकडून आत्याबाईजवळ गेले. नेहमीसारखी, आवाज न करता. तिला दिसत नाही हे मला ठाऊक होतं, पण नियम डावीकडचा होता. मी तिच्या मानेवर हात ठेवला. ती अशी दचकली की तिचं सगळं अंग माझ्या बाजूला फिरलं आणि मी कुंपणाच्या आडव्या लाकडावर जाऊन आपटले. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा आत्याबाई गोलाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती आणि तिचे चारही पाय थरथरत होते. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

तिसऱ्या दिवशी, भेटीच्या वेळेला, मोठे डॉक्टर कागद घेऊन आले. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. पलंगाच्या एका बाजूला हे बसले होते, दुसऱ्या बाजूला नणंद. डॉक्टरीणबाई दाराशी उभी होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

मोठे डॉक्टर म्हणाले, "छोटीशी औपचारिकता आहे. सही केलीत की आजच घरी सोडतो. तुमची प्रगती मुळात उत्तमच होती."

यांचा चेहरा उजळला. कागदावर लिहिलं होतं, 'सदर घोडीने कोणतेही कारण नसताना रुग्णावर हल्ला केला.'

मी विचारलं, "घोडीचं काय होणार?"

"चावरी, मारकी जनावरं ठेवता येत नाहीत. सोमवारी गाडी येईल." ती गाडी कुठे नेते ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. "तो सगळा प्रकारच बंद करतोय आपण."

"उजवा हात बांधलाय हिचा," नणंद म्हणाली.

"अंगठा चालेल. डाव्या हाताचा." नर्सने शाईची डबी उघडून पुढे केली.

मी त्या निळ्या शाईकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मी तोवर जेवढ्या वेळा 'बरं' म्हटलं होतं, ते सगळे कागद मला एकावर एक दिसले.

"नाही," मी म्हटलं.

नर्सने डबी आणखी पुढे सरकवली. मला वाटलं मी मनातच म्हटलं असेल, म्हणून पुन्हा म्हटलं. "नाही. अंगठाही नाही. मला लिहिता येतं आणि वाचताही येतं. हे खोटं लिहिलंय."

नणंद यांच्याकडे वळली. "हिला काय झालं रे? चांगली ऐकणारी बाई होती. इथे आणून बिघडली."

"वन्सं, तुम्ही माझ्या पलंगावर बसलात ते माझ्या पायावर बसलात," मी म्हटलं. खरंच बसली होती. ती उठली.

हे जवळ सरकले. हे वाईट नव्हते, फक्त वादाला घाबरायचे. हळूच म्हणाले, "अगं, कर की. पोरगी रोज दारात उभी असते. आज आई येणार असं सांगून आलोय मी तिला."

हे मात्र लागलं. समोर शाईची डबी उघडीच होती. मग म्हटलं, "तिला सांगा, आईचं थोडं काम राहिलंय. आणि तिला हेही सांगा की आई नाही म्हणाली. तिने माझ्या तोंडून हे कधी ऐकलेलं नाही."

मोठे डॉक्टर म्हणाले, "बघा, हे आजाराचंच लक्षण आहे. घरी जायला नकार."

"डॉक्टर, मी नुसती भिंतीकडे बघत होते तेव्हा तुम्ही 'सुधारणा' लिहिलंत. आज तोंड उघडलं तर लक्षण?"

दाराशी डॉक्टरीणबाई खोकली. मला वाटतं ते हसू होतं.

"घोडीने विनाकारण मारलं नाही," मी म्हटलं. "तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तुमचा विश्वास नाही ना? घोडामैदान जवळच आहे. चला."

ते आले. माझ्यासाठी नव्हे, चारचौघांत नाही म्हणणं त्यांना बरं दिसलं नाही म्हणून. आमची वरात वॉर्डातून निघाली, पुढे हात गळ्यात बांधलेली मी, मागे मोठे डॉक्टर, डॉक्टरीणबाई, नर्स, हे, आणि सगळ्यात शेवटी चिखलातून चपला सांभाळत नणंद. मामा फाटकाशी उभे होते. तीन दिवसांत त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं होतं.

मी बांधलेल्या हाताच्या पट्टीखालून कापूस ओढून काढला आणि मामांच्या हातात दिला. "मामा, मी सांगेन तसं करा. आज एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

"प्रयत्न करतो," मामा म्हणाले.

मग मी आत गेले, पण सरळ तिच्या उजव्या बाजूला, आणि बोलत बोलत. "आत्याबाई, मी आहे. हाड मोडलंय, पण तुमच्यावर राग नाही. अजून दोन पावलं आहेत. आता मानेवर हात ठेवते." ती हलली नाही. तिने फक्त श्वास सोडला, लांब.

मामांनी उजव्या डोळ्यासमोर, जरा दुरून, कापसाचा पुंजका वरून सोडला. कापूस पडतो त्याला आवाज नसतो. आत्याबाईची मान त्याच्याबरोबर खाली गेली, जमिनीपर्यंत. मग ते पुढून वळसा घालून डावीकडे गेले आणि तिथे सोडला. ती ढिम्म. पुन्हा सोडला. कापूस तिच्या खुरावर पडला तरी तिला पत्ता नाही.

मामा कुंपणाजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले. "आणि मी डावीकडून, डावीकडून करत बसलो."

"तुमचा आवाज तिला ऐकू यायचा, मामा. मी मुकी गेले, म्हणून पडले."

मोठ्या डॉक्टरांना हे दिसलं होतं. पण दिसलं म्हणजे मानलं असं नसतं. ते म्हणाले, "म्हणजे आणखीच धोकादायक. आंधळी घोडी. हे तर मी कागदात घालतो."

"घाला," मी म्हटलं. "म्हणजे 'कारण नसताना' हे खोडावं लागेल. आणि पुढे हेही घाला, की पाटीवरचा नियम पाळला म्हणून रुग्ण पडली. पाटीवर कुणाचा हुकूम आहे तोही लिहा. मग मी सही करते. डाव्या हाताने, पूर्ण नावाची."

त्यांनी पाटीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. नणंदेने तर मोठ्याने वाचून दाखवलं, मुख्य डॉक्टरपर्यंत.

एवढ्यात आत्याबाई माझ्या पट्टीचा वास घ्यायला पुढे आली. नाक माझ्या गळ्याशी आणलं, एक पाय उचलला, आणि मी ओळखलं की तो कुठे येणार. मी अर्ज केला नाही. रागावलेही नाही. पाय जमिनीवर घट्ट ठेवून म्हटलं, "मागे."

आत्याबाई एक पाऊल मागे गेली.

नुसती गेली. जणू सहा आठवडे ती एवढंच ऐकायला थांबली होती. कुंपणापलीकडे डॉक्टरीणबाईने वही उघडली आणि न लिहिताच मिटली.

त्या दिवशी मला घरी सोडलं नाही. त्यानंतरही अठरा दिवस नाही. मोठे डॉक्टर तो कागद घेऊन आणखी दोनदा आले, दर वेळी वाक्य थोडं बदलून. 'कोणतेही कारण नसताना' गेलं आणि 'अनपेक्षितपणे' आलं, 'हल्ला'च्या जागी 'धक्का' आला. मी दोन्ही वेळा वाचलं आणि नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी सोपं गेलं. हे रविवारी लेकीला घेऊन आले, आणि मी तिला फाटकापाशी उभी करून घोडी दाखवली. तिने विचारलं, "आई, तू खरंच नाही म्हणालीस?" मी म्हटलं, "तीनदा." ती म्हणाली, "मला पण शिकव." तिला शिकवलं याचा पुढे तिच्या तरुणपणी मला खूप ताप झाला, पण ते वेगळं.

सोमवारची गाडी आली आणि रिकामी गेली. रुग्णाची सही नाही तर अहवाल पुरा होत नाही, आणि अहवाल नाही तर ना जनावर हलवता येत, ना काही बंद करता येत. हा नियमही मोठ्या डॉक्टरांचाच होता.

पाटी मी रंगवली. मामांनी रंगाचा डबा धरला. हुकमाची ओळ पुसली, आणि वर डाव्या हाताने लिहिलं, 'घोड्याजवळ बोलत जावे. त्याला दिसते त्या बाजूने जावे.' अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी आली. मामा म्हणाले, "ओळ तिरकी गेली." मी म्हटलं, "जाऊ दे."

सोडताना पलंगाच्या पायथ्याचा कागद नर्सने माझ्या हातात दिला. मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात शेवटची नोंद होती, 'रुग्ण अत्यंत हट्टी. घरी सोडण्यास हरकत नाही.' तो कागद मी मागून घेतला. परत द्यायचा असतो म्हणाले, तर दिला नाही. अजून आहे.

जाताना आत्याबाईचा निरोप घ्यायला गेले. उजवीकडून, बोलत बोलत. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नाकपुड्या फुगवल्या आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती सहा वर्षं त्या गोलात होती. किती मुक्या माणसांना तिने बोलायला लावलं, ते डॉक्टरीणबाईला ठाऊक.

गेल्या महिन्यात हाडांचे एक तरुण डॉक्टर म्हणाले, हा खांदा अजून सरळ करता येईल, छोटंसं ऑपरेशन आहे. लेक म्हणाली, "करून टाक ना आई." काय म्हटलं असेन ते सांगायला नको.